आठव्या दिवशी परत या

महाराष्ट्राच्या एका आकड्याने मला गेली काही वर्षे छळले आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाची दुसरी फेरी १९९८-९९ साली झाली. वयाचे पहिले वर्ष पूर्ण करून दुसऱ्यात असलेल्या शंभर मुलांपैकी सुमारे ७८ मुलांचे लसीकरण तेव्हा आपल्या राज्यात पूर्ण झालेले आढळले. केरळचा आकडा होता ८०. म्हणजे आपण केरळच्या मांडीला मांडी लावून बसलो होतो. सात वर्षांनी, २००५-०६ साली, तिसरी फेरी झाली आणि महाराष्ट्राचा आकडा ५९ वर आला. २०१५-१६ च्या चौथ्या फेरीत ५६. त्याच चौथ्या फेरीत बिहारचा आकडा जवळपास ६२ होता. १९९८-९९ मध्ये तो अवघा ११ होता.

बिहारने एवढी मजल मारली याचा आनंदच आहे. पण आपले काय झाले? या काळात राज्यात युद्ध झाले नाही, दवाखाने बंद पडले नाहीत, कोणी लसविरोधी चळवळ उभारली नाही. दरडोई उत्पन्न वाढले, रस्ते झाले, दवाखान्यात बाळंत होणाऱ्या बायांचे प्रमाण वाढले. तरी शंभरातली वीस मुले यादीतून निसटली. आणि हे कुणाच्या फारसे लक्षात आले नाही, कारण त्या वर्षांत आपण सगळे पोलिओच्या थेंबांकडे बघत होतो.

माझे शिक्षण वाणिज्य शाखेचे, आयुष्य गेले हिशेब तपासण्यात. इतिहासाची गोडी नंतर लागली आणि ती लावली मुंबई इलाख्याच्या जुन्या गॅझेटियरांनी. हिशेबाच्या माणसाला बेरीज चुकली की झोप येत नाही. हा आकडा मला तसा दिसला. म्हणून मी तो आधी फोडून पाहिला.

सर्वेक्षणात 'पूर्ण लसीकरण' म्हणजे आठ गोष्टी: बीसीजी एकदा, घटसर्प-डांग्या खोकला-धनुर्वाताची त्रिगुणी लस तीनदा, पोलिओचे डोस तीनदा (जन्मताच पाजलेला वेगळा) आणि गोवराची लस एकदा. यातली एक जरी चुकली तरी मूल 'अपूर्ण'. आता दुसऱ्या आणि तिसऱ्या फेरीचे तपशील शेजारी ठेवा. बीसीजी घेतलेली मुले दोन्ही वेळा नव्वदीच्या पुढे, उलट थोडी वाढलीच. गोवराची लस दोन्ही वेळा ८४-८५ च्या आसपास, म्हणजे जिथल्या तिथे. मग पडले काय? त्रिगुणीचा तिसरा डोस ८९ वरून ७६ वर पडला आणि पोलिओचा तिसरा डोस ९१ वरून ७३ वर. चौथ्या फेरीत पोलिओचा तिसरा डोस आणखी खाली, जेमतेम दोन-तृतीयांशांवर आला.

मला हे कोष्टक फार बोलके वाटते. जन्मल्यावर मूल लशीपर्यंत पोचत होते. नवव्या महिन्यातही बरेचसे पोचत होते. मधल्या वाटेवर, दीड, अडीच आणि साडेतीन महिन्यांच्या फेऱ्यांत, ते कुठेतरी गळत होते. लस नाकारणारा बाप पहिल्याच दिवशी नाकारतो. त्याचे मूल बीसीजीच्या रकान्यातही दिसणार नाही. इथे तसे नाही. इथे आई एकदा आली, कदाचित दोनदा आली, आणि मग आली नाही.

परत येण्याची ही अडचण लशीइतकीच जुनी आहे. तिच्यासाठी सव्वादोनशे वर्षे मागे जावे लागते.

एडवर्ड जेन्नर यांनी गाईच्या देवीचा प्रयोग १७९६ साली केला आणि १७९८ मध्ये तो छापला. हिंदुस्थानात ती लस जिवंत पोचवायला चार वर्षे लागली. समुद्रमार्गे पाठवलेले नमुने वाटेतल्या उष्म्याने निकामी होत. अखेर व्हिएन्नाचे डॉ. ज्याँ द कारो यांनी पाठवलेला द्रव बगदादला पोचला, तिथून मुलांच्या दंडांवरून बसऱ्याला आणि बसऱ्याहून जहाजाने मुंबईला. १४ जून १८०२ रोजी मुंबईत डॉ. हेलेनस स्कॉट यांच्या देखरेखीखाली ॲना डस्टहॉल नावाच्या तीन वर्षांच्या मुलीला लस टोचली गेली आणि ती 'धरली'. हिंदुस्थानात लस यशस्वी झालेले हे पहिले मूल. पुढच्या आठवड्यात तिच्या दंडावरच्या फोडातला द्रव काढून आणखी पाच मुलांना टोचले. त्या साखळीतून लस पुणे, सुरत, हैदराबाद, मद्रास, कलकत्ता आणि सिंहलद्वीपापर्यंत गेली. देशभर लस गेली ती अशी एका मुलीच्या दंडातून.

'पुढच्या आठवड्यात' हे शब्द महत्त्वाचे आहेत. त्या काळी लस बाटलीत नव्हती, ती मुलात होती. टोचल्यावर साधारण आठव्या दिवशी फोड पिकतो आणि त्यातला द्रव दुसऱ्याला टोचण्याजोगा होतो. तो दिवस उलटला की द्रव निरुपयोगी. म्हणून टोचलेले मूल आठव्या दिवशी परत यायलाच हवे: एक तर लस धरली की नाही हे पाहायला आणि दुसरे, पुढच्या मुलासाठी द्रव काढायला. ते आले नाही तर त्या मुलाचे बिघडत नसे, ते सुरक्षित झालेलेच असे. पण साखळी तुटे, आणि पुढच्या गावाला द्यायला डॉक्टरच्या हातात काही उरत नसे.

आता आईच्या बाजूने पाहा. पोराचा दंड सुजलेला, अंगात ताप, रात्रभर रडणे. आठव्या दिवशी त्याच सुजलेल्या फोडाला पुन्हा सुरी लावून कुणा दुसऱ्याच्या, कदाचित दुसऱ्या जातीच्या पोरासाठी द्रव काढणार. का जावे तिने? वरच्या जातींना खालच्या मुलाच्या अंगातला द्रव आपल्या मुलाच्या अंगात नको होता. ज्यांची मुले द्रव काढायला वापरली जात त्या गरिबांना आपल्या लेकराचा जीव त्याबरोबर ओढला जातो असे वाटे. द्रव न्यायला मुलांना आईबापांसकट गावोगाव फिरवावे लागे, त्याबद्दल चार पैसे द्यावे लागत. त्या काळच्या इंग्रज अधिकाऱ्यांनी या सगळ्याला 'नेटिवांचा अंधविश्वास' असे सरसकट नाव देऊन टाकले. मला ते पटत नाही. देवीला देवता मानणारे लोक होतेच, पण पहिल्यांदा मूल आणून दुसऱ्यांदा न आणणारी बाई देवतेला घाबरत नव्हती. तिने पहिला आठवडा भोगलेला होता.

विलायतेतही वेगळे नव्हते. इंग्लंडात १८५३ च्या कायद्याने लस सक्तीची झाली, तेव्हा टोचल्यावर आठव्या दिवशी मूल तपासणीला आणण्याचे बंधन त्याच कायद्यात घातले होते. पुढे १८८५ च्या मार्च महिन्यात लेस्टर शहरात सक्तीविरुद्ध प्रचंड मोर्चा निघाला. दंड आणि तुरुंग सोसलेले हजारो कामगार त्यामागे होते. अखेर १८९८ साली, सद्सद्विवेकबुद्धीला पटत नसेल तर सूट, अशी तरतूद करावी लागली. लेस्टरमधली घसरण नकाराची होती: उघड, संघटित, फलक घेऊन रस्त्यावर आलेली. तिच्यावर ग्रंथ लिहिले गेले. न बोलता परत न येणाऱ्यांवर कोण लिहिणार?

मुंबई इलाख्याने या कामाची घडी बरीच आधी बसवली. १८२७ पासून पगारी टोचणारे नेमून त्यांना गावांची मंडळे वाटून दिली गेली, त्यांच्यावर फिरते अधीक्षक आले. आपल्या आजी-पणज्या ज्यांना 'देवी डॉक्टर' म्हणत ते हेच, मात्र बहुतेक जण डॉक्टर नव्हते. थंडीचे महिने हा त्यांचा हंगाम. उन्हाळ्यात द्रव टिकत नसे. १८७७ साली मुंबई शहरापुरता सक्तीचा कायदा आला. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात वासरांच्या अंगावर लस वाढवण्याची पद्धत हळूहळू रूढ झाली आणि मुलाच्या दंडातून द्रव काढण्याची गरज संपत गेली.

याच काळातली कोष्टके गॅझेटियरांत आहेत. कँबेलसाहेबांच्या मालिकेतल्या जिल्ह्यांच्या खंडांत आरोग्याच्या प्रकरणाच्या शेवटी लसीकरणाचे एक छोटे कोष्टक असते. साधारण दहा-बारा वर्षांच्या अंतराने दोन ओळी. रकाने असे: पुरुष, स्त्रिया, हिंदू, मुसलमान, पारशी, ख्रिस्ती, इतर, एक वर्षाखालील, एक वर्षावरील, एकूण. टोचण्याला तिथे 'ऑपरेशन' म्हटले आहे. दुसऱ्या ओळीतला आकडा बहुधा पहिल्याहून मोठा असतो आणि वाचणाऱ्याला वाटते, काय प्रगती! पण हिशेबनीस विचारतो, कितीपैकी? त्या वर्षी जिल्ह्यात किती मुले जन्मली, किती जगली, किती जणांना टोचायचे होते, हे कोष्टकात नसते. अंश आहे, छेद नाही. पारशी किती, ख्रिस्ती किती, हे सरकारला जाणून घ्यायचे होते. राहिले किती, हा रकाना कुणी आखला नाही.

छेदावाचूनच्या या हिशेबाने स्वतंत्र भारतालाही फसवले. देवी निर्मूलनाचा राष्ट्रीय कार्यक्रम १९६२ साली सुरू झाला. ८० टक्के लोकांना टोचले की रोग आटोपेल असा ठोकताळा होता. कागदावर आकडे भराभर वाढले. देवी मात्र हटेना. पाहणीत दिसले ते असे, की शाळेत एका ओळीत सापडणाऱ्या पोरांना पुन्हा पुन्हा टोचले जात होते आणि पाळण्यातली, वस्तीवरची, फिरस्त्यांची मुले तशीच राहत होती. ऐंशी टक्के टोचण्या झाल्या होत्या, ऐंशी टक्के माणसे नव्हे. १९७४ साली देशात देवीच्या पावणेदोन लाखांहून अधिक रुग्णांची नोंद झाली, त्यांत तीस हजारांवर माणसे दगावली. त्यानंतर वर्षभरात रोग संपला, तो टक्केवारीच्या मागे न लागता रुग्ण शोधून त्याच्याभोवती कडे करण्याच्या पद्धतीने. माझ्या पिढीच्या दंडावरचा वाटोळा व्रण त्या मोहिमेच्या शेवटच्या दिवसांतला.

मग १९७८ चा विस्तारित लसीकरण कार्यक्रम आणि १९८५ चा सार्वत्रिक कार्यक्रम आला. लस शीतसाखळीत, बर्फाच्या पेटीत आली. मुलाच्या अंगातून काही काढायचे उरले नाही. पण 'परत या' उरलेच, उलट वाढले. देवीची लस म्हणजे एक फेरी टोचण्याची, दुसरी दाखवण्याची. आता दीड महिना, अडीच महिने, साडेतीन महिने आणि नऊ महिने, अशा चार फेऱ्या. आणि जुन्या त्रिगुणी लशीने ताप येतोच. मांडी सुजते, पोर रात्रभर किरकिरते. सकाळी कामावर जाणाऱ्या बाईला ती रात्र पुढच्या महिन्यात आठवते.

पण ताप १९९८ मध्येही येत होता. तेव्हा ८९ टक्के मुले तिसऱ्या डोसाला आली. मग पुढच्या सात वर्षांत बदलले काय?

माझे उत्तर थोडे अप्रिय आहे. १९९५ साली पल्स पोलिओ मोहीम सुरू झाली आणि १९९९-२००० पासून ती घरोघर गेली. या मोहिमेचे यश मोठे आहे. देशातला वन्य पोलिओचा शेवटचा रुग्ण १३ जानेवारी २०११ रोजी आढळला. माझ्या वर्गात कॅलिपर लावून येणारी मुले होती, आज ती दिसत नाहीत, याचे मोल मी जाणतो. पण वर्षातून अनेकदा दारावर येऊन थेंब पाजले गेले, बोटाला शाई लागली, भिंतीवर खडूची खूण झाली. आईने समजायचे काय? पोराचा डोस झाला. नेहमीच्या लसीकरणाच्या दिवशी उपकेंद्रावर जाऊन घ्यायचा पोलिओ वेगळा आणि दारावरचा वेगळा, हे तिला कोण सांगणार? सांगणारी आरोग्यसेविका त्या दिवशी दुसऱ्या वस्तीवर खडूने खुणा करत होती. नेमका पोलिओचाच तिसरा डोस सर्वांत जास्त पडला, ९१ वरून ७३ आणि तिथून ६७, हा मला योगायोग वाटत नाही. आणि पोलिओच्या फेरीला आई आली नाही, की त्याच दिवशी मांडीत मिळणारी त्रिगुणीही गेली.

हे एकच कारण नव्हे. आकडे गोळा करण्याची रीतही बघावी लागते: कार्ड असेल तर कार्डावरून, नसेल तर आईच्या आठवणीवरून. दोन फेऱ्यांतला काही फरक त्या आठवणीचाही असेल. पण पंजाब, गुजरात, आंध्र आणि थोड्या प्रमाणात तमिळनाडू, ही तेव्हाची पुढारलेली राज्येही याच सात वर्षांत घसरली. आठवण एकाच दिशेने एवढी दगा देत नाही.

दुसरे कारण आपल्या घरातले आहे. आमच्या तालुक्यातल्या, तीस वर्षे नोकरी करून निवृत्त झालेल्या एका आरोग्यसेविकेला मी त्रिगुणीचा आकडा दाखवला. त्या हसल्या. म्हणाल्या, "दादा, पोर जन्मतं माहेरी, वाढतं सासरी. कार्ड माहेरच्या सिस्टरनं केलेलं. तिसऱ्या महिन्यात सासरचे न्यायला येतात. पाळणा जातो, कुंची जाते, कार्ड फळीवर राहतं. सासरची सिस्टर विचारते, किती डोस झाले? बाई सांगते, सगळे झाले." पहिले बाळंतपण माहेरी ही रीत साऱ्या महाराष्ट्राची. तिसऱ्या डोसाचा साडेतीन महिन्यांचा दिवस आणि लेक सासरी जाण्याचा दिवस एकमेकांच्या अंगावर येतात, हे मला कोणत्याही अहवालात वाचायला मिळाले नव्हते. ही रीत १९९८ मध्येही होतीच, तेव्हा घसरणीचा दोष तिला देता येत नाही. पण ज्या जागी धागा आधीच विरलेला होता, तिथेच तो ताण पडल्यावर तुटला, असे मी समजतो.

शहरांना ही सबब नाही, तरी चौथ्या फेरीत शहरे आणि खेडी यांच्या आकड्यांत म्हणण्यासारखा फरक उरला नव्हता. दवाखाने दहा पावलांवर, पण मूल कुणाच्या यादीत, हे नक्की नाही. २०२२ च्या शेवटी मुंबईत गोवंडीपासून गोवर पसरला, भिवंडी आणि मालेगावातही पोचला, मुले दगावली. त्याआधी टाळेबंदीत नेहमीची सत्रे थांबली होती. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या अंदाजानुसार त्रिगुणीयुक्त लशीचा एकही डोस न मिळालेली मुले देशात २०१९ साली सुमारे १४ लाख होती, ती २०२१ मध्ये २७ लाखांवर गेली आणि पुढच्या वर्षी ११ लाखांवर उतरली. आकडा उतरला खरा, पण मधल्या दोन वर्षांत जन्मलेली मुले मोठी होत असतात, आणि गोवर आकड्यांची वाट पाहत नाही.

पाचव्या फेरीत महाराष्ट्र ७३ च्या पुढे आला. ही पाहणी २०१९ सालची, म्हणजे महामारीच्या आधीची. देशाची सरासरी तेव्हा ७६ होती. वीस वर्षांपूर्वीच्या स्वतःच्या ७८ ला आपण अजून गाठायचे आहे.

राहता राहिली आमची माणसे. मी राहतो तो तालुका ऊसतोड मजुरांचा. दसरा झाला की मुकादमांची उचल अंगावर घेतलेले कोयते पश्चिम महाराष्ट्राकडे आणि कर्नाटकाकडे निघतात; एक कोयता म्हणजे नवरा-बायको. हा अंक वाचकांच्या हाती पडेल तेव्हा ट्रक रस्त्याला लागलेले असतील. गणपतीत जन्मलेल्या पोराचा दीड महिन्याचा डोस निघण्याच्या घाईत, अडीच महिन्यांचा फडात आणि साडेतीन महिन्यांचा कोपीत येतो. परत यायला गुढीपाडवा उलटतो. गावची आशा ताई यादी करते तेव्हा त्या पोराच्या नावापुढे 'स्थलांतरित' लिहिते, आणि बऱ्याचदा ते नाव त्या महिन्याच्या उद्दिष्टातून वगळले जाते. कारखान्याच्या गावात ते पोर कुणाच्या यादीत चढले तर चढले. नाही तर एका गावच्या छेदातून ते गेले आणि दुसऱ्या गावच्या छेदात ते आलेच नाही. दोन्ही गावांची टक्केवारी शंभराला टेकलेली असते.

मागच्या वर्षी उन्हाळ्यात त्या निवृत्त बाईंबरोबर मी एका तांड्यावर गेलो. त्यांनी नऊ घरांत कार्डे मागितली. सहा निघाली: दोन पत्र्याच्या पेटीतून, एक देवाच्या फोटोमागून, बाकीची धान्याच्या डब्यातून. सहाही कार्डांवर बीसीजीची तारीख होती. चार कार्डांवर दीड महिन्याची होती. त्यापुढचे रकाने बाईंनी बोटाने एकेक करून मला दाखवले आणि कार्डे पुन्हा घडी करून ज्याची त्याच्या हाती दिली. मग एका सुनेला म्हणाल्या, "अगं, वय गेलं नाही अजून. बुधवारी उपकेंद्रावर आण. मी असते तिथं."